हेड गादीवर होतं

प्रल्हाद, ही गोष्ट सांगायची मी काही वर्षं टाळत आलो. तुझ्या हयातीत टाळली आणि तू गेल्यावरही सुरुवातीला टाळली. मग सुजाता घरी आली. म्हणाली, "काका, आम्ही बाबांवर छोटी पुस्तिका काढून राहिलो. तुम्ही लिहून द्या. तुमच्याएवढं त्यायले कोणी ओळखत नव्हतं." तुझी मुलगी आहे, तिला नाही म्हणता आलं नाही. लिहायला बसलो. तू किती चांगला कारागीर होतास, किती हट्टी होतास, चहात साखर किती घ्यायचास, यावर पानं भरली. सगळं खरं होतं. पण ते लिहिताना मी कशाच्या बाजूने वळसा घालून जातो आहे, हे मला दिसत होतं. ती पानं बाजूला ठेवली. हे दुसरं लिहितो आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे झालं, त्याशिवाय मी हे लिहिलं नसतं, हेही कबूल करतो.

तुझ्या घरासमोर मांडव होता. वंदना झाली, पंचशील झालं, मग लोक एकेक करून बोलायला उठले. आपल्या दुकानासमोरच्या फोटो स्टुडिओचा बंडू उठला. तुझ्यावर त्याचं प्रेम होतं, ते तुलाही माहीत आहे. त्याने तुझ्या हाताची तारीफ केली, तू त्याच्या पोराच्या कबड्डी टीमला जर्सीवर नावं कशी छापून दिलीस ते सांगितलं. मग लोकांचं मन जरा हलकं करावं म्हणून म्हणाला, "प्रल्हादभाऊ एवढे हुशार, पण दीक्षाभूमीचं नाव निघालं का त्यायले मशीनचंही भान नाही राहायचं. एकदा हेड उघडं टाकूनच नागपूरले गेले." अशा बैठकीत जेवढं हसतात तेवढे लोक हसले. सुजाताही हसली, डोळे पुसत. माझ्याकडे बघून म्हणाली, "काकांनीच सांभाळून घेतलं होतं तेव्हा बाबांले."

बंडूनंतर माझा नंबर होता. मी उठलो. तू मेहनती होतास, असं काहीतरी बोललो आणि बसलो.

ज्यांनी ही पुस्तिका हातात घेतली आहे, त्यातले बरेच त्या मांडवात होते. त्यांच्यासाठी थोडं मागून सांगावं लागेल. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण ऐकून घे.

आपण दोघं तिरोड्यात पाट्या रंगवायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, भिंतीवरच्या जाहिराती. पुढे स्क्रीन प्रिंटिंग आलं, तेही केलं. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, त्या दिवसांत नाटकांची पोस्टरं, लग्नाच्या पिशव्या, शाळेच्या टी-शर्टवर गोल शिक्का. रंग कालवायचास तू, जाळीवरून रबर ओढायचो मी. मग माझ्या योगेशने ही नवी मशीन आणली. फिल्मवर चित्र छापायचं, त्यावर पावडर टाकून भाजायचं आणि गरम प्रेसखाली कपड्यावर उतरवायचं. सहा महिने त्याने ती चालवली, मग पुण्याला नोकरी लागली आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, नाही जमलं तर विकून टाकू." दोन म्हातारे आणि एक संगणकाची मशीन. बंडू तेव्हा रोज येऊन विचारायचा, आज कोण कोणाला चालवतो आहे म्हणून.

तुला ती मशीन माझ्याआधी समजली. संगणकाची बाजू तुला शेवटपर्यंत फारशी जमली नाही, तिथे सुजाताला फोन करायचास. पण शाई कुठून निघते आणि कुठे जाते, हे तू पहिल्या महिन्यातच धरलंस. टाकीतून नळ्या, नळ्यांतून हेडच्या वर बसवलेल्या छोट्या डब्या, ज्यांना डॅम्पर म्हणतात, त्यांच्यात बारीक जाळी, आणि जाळीतून हेड, जे सरकत सरकत फिल्मवर शाई सोडतं. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन स्पंजाच्या एका लहान चौकोनावर बसतं. कंपनीचा माणूस त्याला कॅपिंग म्हणायचा. तू त्याला गादी म्हणालास आणि आपल्या दुकानात तेच नाव राहिलं. ती गादी ओली असली तर हेडची तोंडं सुकत नाहीत. कोरडी पडली किंवा हेड तिच्यावर बसलंच नाही, तर संपलं.

त्यातही खरी भानगड पांढऱ्या शाईची. काळ्या किंवा निळ्या कपड्यावर रंग दिसायचा तर मागून पांढरा थर लागतो. ही शाई जड. उभी राहिली की तिच्यातला पांढरा भाग खाली बसतो, नळीत बसतो, जाळीत बसतो. म्हणून टाकीत तिला ढवळायला लहानशी मोटर असते, ती वीज चालू असेपर्यंत फिरत राहते. तू म्हणायचास, "बाकीचे रंग म्हणजे घरचे पोरं गा, दोन दिवस नाही पाहिलं तरी चालते. पांढरी म्हणजे सासू हाये. तिले रोज इचारा लागते."

आणि तू रोज विचारायचास. सकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आत टाकीत डोकावायचास. मग चाचणीची रेघ छापायची, कुठे तुटली आहे का ते खिडकीच्या उजेडात धरून बघायचं. गादीच्या कडेला जमलेली शाई कापसाच्या काडीने उचलायची, हेड पुसणारी रबरी पट्टी सफाईच्या पाण्यासारख्या द्रावणाने साफ करायची, गादीत दोन थेंब टाकायचे. संध्याकाळी तेच पुन्हा. मी हे सगळं बघत होतो. करायला मात्र मला तू फारसं काही दिलं नाहीस. माझा हात जड आहे असं तुझं मत होतं.

आपलं भांडण बाटलीवरून होतं. मी पांढरी बाटली जोरात हलवायचो, एनॅमलचा डबा हलवतात तशी. तू हातातून हिसकावून घ्यायचास. दोन्ही तळहातांत आडवी धरून पोळीचं लाटणं फिरवावं तशी फिरवायचास. "हलवून राहिला तं हवा भरते. हवा नळीत गेली का दिवसभर सिरिंज घेऊन बसा लागंल, मंग तूच बस." मी म्हणायचो, मी चाळीस वर्षं रंग हलवले. तू म्हणायचास, चाळीस वर्षं चुकीचे हलवले. हे भांडण मिटलं नाही. आता मी बाटली तळहातांत फिरवतो. तुझं बरोबर होतं म्हणून नाही, हलवायला गेलो की तुझा आवाज ऐकू येतो म्हणून.

आणखी एक सांगायला पाहिजे, कारण पुढचं त्यावर उभं आहे. पहिल्या वर्षी तू सिरिंजने डॅम्परमधून शाई ओढताना जोर जास्त लावलास आणि आतला पातळ पडदा फाडलास. मी दुकानात नव्हतो. कोणी पाहिलंही नव्हतं. डॅम्पर खराबच आला होता असं सांगितलं असतंस तर मला कधी कळलं नसतं. पण मी येईपर्यंत तुझं चहाच्या टपरीवर, बंडूकडे, शेजारच्या सायकलवाल्याकडे सगळीकडे सांगून झालं होतं. "आज पडदा फाडला मी. हेमराज आता बोंबलते." मी आल्यावर फाटका डॅम्पर माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालास, बोंबल.

तुझं हे असंच होतं. चूक झाली की तू ती खिशात ठेवत नव्हतास. त्यामुळे बाजारात एक समज झाला की प्रल्हादकडून चुका होतात. माझ्या चुका कोणाला माहीत नव्हत्या, म्हणून माझ्याकडून होत नाहीत असा दुसरा समज झाला.

आता दसऱ्याचं.

दसऱ्याला तू नागपूरला जायचास. लहानपणी तुझे वडील तुला खांद्यावर घेऊन गेले होते, तेव्हापासून. पाऊस असो, घरात दुखणं असो, तू गेलास. पॅसेंजरला उभ्याने जायचास, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभ्यानेच परत यायचास, पिशवीत पुस्तकं आणि पायाला फोड. आल्यावर दोन दिवस तेच सांगायचास, किती गर्दी होती, कुठे जेवलो, कोण भेटलं. तुझ्या बोलण्यात एरवी जी धार असायची ती तेव्हा नसायची. मी कामात आहे असं दाखवत ते ऐकायचो.

आमच्याकडे त्याच वेळी खंडेनवमी. बापाच्या काळापासून घरातली हत्यारं त्या दिवशी घासूनपुसून चकचकीत करायची, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि दसरा होईपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. नांगर, विळे, पुढे माझे ब्रश, पुढे स्क्रीनची रबरं. पूजा केलेलं हत्यार त्या दिवसात विसावा घेतं. मी याच्यात काही गैर पाहत नव्हतो, आजही पाहत नाही. तुलाही त्याचं काही वावडं नव्हतं. पूजेच्या दिवशी तू येऊन लांब उभा राहायचास, आमचे लाडू खायचास आणि त्यांत गूळ कमी पडला म्हणून सांगायचास.

मशीन आल्यानंतरचा तो दुसरा दसरा. त्या साली तू पूजेच्या आधीच निघणार होतास. निघायच्या संध्याकाळी तू सगळं साफ केलंस, गादी ओली केलीस, हेड गादीवर बसवलंस आणि टॉर्च लावून बघितलंस. मग मला म्हणालास, "मेन बटन बंद नको करजो. पांढरी फिरत राहिली पायजे. आन रोज एकदा हातभर छापून घेजो."

मी म्हणालो, पूजा झाल्यावर मशीन चालवत नसतात.

"तुही पूजा पांढरीले समजते का, थे इचारून घे तिले," तू म्हणालास. मग स्वतःच मध्यम मार्ग काढलास. छापू नको, पण वीज चालू ठेव. एवढं तरी कर. मी हो म्हणालो. तू स्टेशनकडे गेलास.

दुसऱ्या दिवशी नवमी. मी दुकान झाडलं, पुसलं. स्क्रीनच्या जुन्या चौकटी धुतल्या. मग मशीनकडे आलो. बाहेरून पुसली, पण आत गादीभोवती काळा चिकटा दिसत होता. घासून चकचकीत करायच्या दिवशी मशीनच्या पोटात तो घाण चिकटा ठेवून वर कुंकू लावायचं, हे मला पटेना. हेड बाजूला कसं काढायचं ते मी तुझंच पाहिलं होतं. मशीन चालू करायची आणि हेड सरकत मधे आलं की मेन बटन बंद करायचं. मी तसंच केलं. हेड मधे थांबलं. मग स्वच्छ धोतराचा तुकडा घेऊन गादी पुसली. ओली होती म्हणून नीट निघेना, तेव्हा टिपून टिपून कोरडी केली. स्पंज पुन्हा नव्यासारखा पांढुरका दिसायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. हेडवर कुंकवाचं बोट लावलं, वर माळ घातली, नारळ ठेवला. मशीन तेवढी देखणी कधी दिसली नव्हती.

आणि मेन बटन तसंच बंद ठेवलं. विसरलो नव्हतो. तू सांगितलेलं आठवत होतं. पण पूजा केलेल्या हत्याराच्या पोटात मोटर घरघरत राहावी, हे मला बरोबर वाटलं नाही. एक-दोन दिवसांनी काय होतं, असंही वाटलं.

पत्र्याखालचं दुकान, ऑक्टोबरचं ऊन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ काढली, कुंकू पुसलं आणि मशीन सुरू केली. हेड आपोआप सरकत कोपऱ्यात जाऊन गादीवर बसलं, जणू तिथेच होतं. चाचणीची रेघ काढली. पांढरी आलीच नाही. बाकीच्या रंगांच्या रेघा उंदराने कुरतडल्यासारख्या. साफसफाईचं बटन दाबत राहिलो, काही उपयोग झाला नाही. केशोरीच्या मंडईचे गडद निळे टी-शर्ट गठ्ठ्याने पडले होते, त्यांच्यावर पांढरी अक्षरं हवी होती.

योगेशला फोन केला. तो तिकडून ओरडला, हेड उघडं राहिलं होतं का, शेवटी कोणी हात लावला? मी म्हणालो, मेकॅनिक येऊ दे.

नागपूरचा मेकॅनिक त्या दिवशी गोंदियातच आला होता, तो दुपारी पोचला. बंडू होता, चहावाला होता, मंडईवाल्यांचा माणूस होता. मेकॅनिकने हेड काढून उलटं केलं. खाली शाई सालपटासारखी सुकली होती. डॅम्पर उघडले तर पांढऱ्याच्या जाळीत दह्यासारखा गोळा. तो म्हणाला, "अंकल, हेड गया. खुला रह गया था. लास्ट में मशीन किसने देखा?"

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की मी पाहिली, मी पूजा केली, मी गादी पुसली. पण सगळे माझ्याकडे बघत होते. योगेश पुन्हा फोनवर होता, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मला त्याचा पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला: बाबा, तुम्ही कुंकू लावायला हेड बाहेर काढलं? मग बंडू हसेल, मग बाजार हसेल, मग पोरगा म्हणेल विका आता ती मशीन. पैशाची भीती नव्हती, प्रल्हाद. हसण्याची होती.

मी म्हणालो, "प्रल्हाद नागपूरले गेला होता."

एवढंच वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं बंडूनेच लावून टाकलं, "गाडीच्या घाईत राहून गेलं असंल मंग." मेकॅनिक म्हणाला, "हाँ, होता है." योगेश फोनवर म्हणाला, अरे देवा, प्रल्हादकाका पण ना. कोणालाच ते मानायला जड गेलं नाही. ते का जड गेलं नाही, याचाही मी नंतर विचार केला. तू पडदा फाडला होतास आणि सांगितलं होतंस, हे एक कारण. तू दसऱ्याच्या दिवशी पूजा सोडून नागपूरला जातोस, हे दुसरं. ते दुसरं कारण कोणी बोललं नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, आणि मला सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी तू स्टेशनवरून सरळ दुकानात आलास. वाटेत टपरीवर तुला बातमी लागलीच होती. पांढरे कपडे, खांद्याला पिशवी. माझ्याकडे न बघता मशीनकडे गेलास. झाकण उघडलंस, बोटाने गादी चाचपलीस.

"मी वली करून गेलो होतो," तू म्हणालास. "हेड बसवून, टॉर्च लावून पाहून गेलो."

मी म्हणालो, घाईत राहिलं असेल.

"राहिलं नाही."

बंडू तुझ्या मागेच आला होता. तो तुझी समजूत काढायला म्हणाला, "होते भाऊ, माणसाच्या हातून होते."

तू वळलास. "होते ना. कितीक डाव झालं. पण माह्या हातून झालं असतं तं मी सांगितलं नसतं का?"

उत्तर फक्त माझ्याकडे होतं. मी उठून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे प्रल्हाद. झालं थे झालं. मी काही मनात ठेवत नाही."

मी तुला माफ केलं. चार माणसांसमोर, खांद्यावर हात ठेवून. केलेलं काम मी घाबरून लपवलं, ते एक वेळ माणूस करतो. पण हे मी मन लावून केलं होतं. हेमराजभाऊचं मन मोठं आहे असं बंडू टपरीवर सांगत होता आणि मी ते ऐकून घेतलं.

तू स्टुलावर बसलास. पुस्तकांची पिशवी मांडीवर तशीच होती. त्या वर्षी तू नागपूरचं काही सांगितलं नाहीस.

नवीन हेड बसलं, केशोरीचे टी-शर्ट उशिरा का होईना गेले, मशीन चालत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललं नव्हतं. मी आतून बघत होतो. तू स्वतःवर भरवसा ठेवायचा सोडलास. शटर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत जायचास आणि परत यायचास. "एक डाव पाहून घेतो." हेड गादीवरच असायचं. कधी जेवता जेवता उठून यायचास. मग एका संध्याकाळपासून मोबाइलवर गादीवर बसलेल्या हेडचा फोटो काढून जायला लागलास, म्हणजे घरी शंका आली तर बघता यावा. मी तुझी चेष्टा केली, लोक नातवांचे फोटो काढतात म्हणून. तू म्हणालास, "नातू सुकत नाही."

आणि तू शोधत राहिलास. तुझ्या डोक्यातून ते गेलंच नाही. गादीचं रबर कुठे चिरलं असेल का, म्हणून ते काढून पाण्यात धरून बघितलंस. पाल गेली असेल, उंदीर गेला असेल, वीज जाऊन आली असेल आणि हेड मधेच थांबलं असेल. प्रत्येक शक्यता माझ्यासमोर मांडायचास. "एक गोष्ट मले समजत नाही गा. हेड हललं समजा. पण गादी एवढी कोरडी कायनं होईन? पुसल्यासारखी होती." मी चाचणीची पट्टी उजेडात धरून बघत राहायचो.

हे सगळं मी कदाचित सहन करून गेलो असतो. पण पुढचा दसरा आला आणि तू म्हणालास, यंदा जात नाही, मशीनपाशी थांबतो. मी म्हणालो, जा, मी आहे ना. तू म्हणालास, "गेल्या साली गेलो तं काय झालं पाहिलं ना." असं शांतपणे म्हणालास, जणू तो हिशेब मिटला आहे. त्या दसऱ्याला तू दुकानात होतास. मी पूजा केली, फक्त बाहेरून. तू पांढरी फिरते आहे का ते बघितलंस आणि लाडू खाल्लास. त्यानंतरचे सगळे दसरे तसेच गेले. वडिलांच्या खांद्यावरून सुरू झालेलं ते जाणं माझ्या एका वाक्याने थांबलं. घरी सुजाता विचारायची, बाबा काऊन जात नाही, तर पाय दुखते म्हणून सांगायचास. तिला हे इथे वाचूनच कळेल. सुजाता, त्यांचे पाय ठीक होते.

तुला संशय आला होता का, हे मला माहीत नाही. तुला सगळं कळलं होतं आणि तू मोठ्या मनाने गप्प राहिलास, असं मानलं तर मला फार सोपं जाईल. म्हणून मी ते मानत नाही. तू गप्प राहणारा माणूस नव्हतास. तुला कळलं असतं तर तू अख्ख्या बाजारासमोर माझी लाज काढली असतीस आणि मग चहा मागवला असतास. तुला कळलं नाही. तू स्वतःचीच चूक शोधत गेलास.

सांगायची वेळ आली नाही, असंही नाही. दुकानात रोज आपण दोघंच असायचो. एकदा तू सिरिंज धरून डॅम्परमधली हवा काढत होतास, शाई हळूहळू चढत होती. हात गुंतले होते, तू उठू शकत नव्हतास. मी सुरुवात केली, "प्रल्हाद, त्या दसऱ्याले..." तू म्हणालास, "थांब, बोलू नको, बुडबुडा आला." मी थांबलो. बुडबुडा निघून गेल्यावरही थांबलेलाच राहिलो.

शेवटचं तुझ्या घरी. तू खाटेवर होतास, आवाज बारीक झाला होता. सुजाता आत चहा करत होती. तू विचारलंस, पांढरी फिरवतोस ना. मी म्हणालो हो. हलवत तर नाहीस? नाही म्हणालो. मग म्हणालास, "येताना गादी पाहिली का?"

"पाहिली," मी म्हणालो.

"मंग ठीक." आणि डोळे मिटलेस. मी तोंड उघडलं होतं. सुजाता कप घेऊन आली, मी कप घेतला, हवापाण्याचं बोललो आणि उठलो. वाटेत ठरवलं, उद्या जाऊ. उद्या गेलो तेव्हा घरासमोर लोक जमले होते.

मागच्या आठवड्यात सुजाताने तुझा मोबाइल आणून दाखवला. म्हणाली, काका, हे काय आहे, बाबांनी रोजचा एकच फोटो काढून ठेवला, वर्षानुवर्षं. काळ्या चौकोनावर बसलेलं हेड, टॉर्चच्या उजेडात. कधी तुझं बोट मधे आलेलं. तिला वाटलं तुला मशीनचा लळा होता. यातला एक पुस्तिकेत टाकू का, असं विचारत होती. मी म्हणालो टाक.

या पानाच्या बाजूला तो फोटो असेल. बघणाऱ्यांनी नीट बघावं. त्या एका संध्याकाळचा, तू नागपूरला निघालास त्या संध्याकाळचा फोटो तेवढा तुझ्याकडे नाही, कारण तेव्हा तुला फोटो काढायची गरज वाटत नव्हती. त्या संध्याकाळी दुकानात तुझ्याशिवाय मी एकटाच होतो. टॉर्चच्या उजेडात मीही वाकून पाहिलं होतं. हेड गादीवर होतं. गादी ओली होती.

आता दुकान मी उघडतो. सकाळी टाकीत डोकावतो, रेघ काढतो, गादीत दोन थेंब टाकतो. हात अजून जडच आहे. हे लिहून झालं की सुजाताकडे देईन, मग बंडूला स्वतः वाचून दाखवीन, त्याला हसायचं असेल तर हसू दे. योगेशला फोन करीन. हे सगळं जमेल. जे तुझ्या खाटेशी बसून म्हणायचं होतं आणि चहाचा कप हातात घेऊन गिळलं, ते एवढंच होतं:

प्रल्हाद, तू हेड बसवूनच गेला होता गा. मी काढलं. गादी मी पुसली. आन तुले माफ करणारा मी कोण होतो? मले माफ कर.